आयर्लंडमधली बेरोजगारी: आकडे कसे वाचायचे? बहीण तिथे आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लिहिताना जरा लांबलंय, पण आयर्लंडात राहणाऱ्या किंवा तिथून परत आलेल्या कुणीतरी प्लीज वाचा.

माझी धाकटी बहीण डब्लिनला डेटा अ‍ॅनालिटिक्समध्ये मास्टर्स करून आता स्टॅम्प वन-जीवर आहे, म्हणजे दोन वर्षं काम करायची मुभा, त्यातले १४ महिने गेले. तिला पाठवायच्या आधी मीच सगळं वाचून घरी सांगितलं होतं की २०१२ च्या सुमारास तिथे बेरोजगारी १५ टक्क्यांच्या आसपास होती, घरबांधणीचा फुगा फुटला तेव्हा तिथलीच पोरं ऑस्ट्रेलिया-कॅनडाला गेली, पण आता दर ४-५ टक्क्यांवर आलाय, कोविडमधूनही सावरलेत, काळजी नको. बाबांनी त्याच भरवशावर घर तारण ठेवलं.

आणि ती कॅफेत काम करतेय. तासाला १३.५० युरो, म्हणजे तिथलं २०२५ चं किमान वेतन. मला व्हिडिओ कॉल करते तेव्हा कॉफी मशीनची दुधाची नळी पुसत असते, आईचा फोन मधेच आला तर व्हिडिओ बंद करून "ऑफिसमधून निघतेच आहे" म्हणते. नाशकात बसून मला ते ऐकवत नाही.

तीन ठिकाणी दुसऱ्या राउंडपर्यंत गेली, पण परमिटचा विषय निघाला की मेल बंद. क्रिटिकल स्किल्स परमिटची (टंचाई असलेल्या कुशल कामांसाठीच्या वर्क परमिटची) वार्षिक पगाराची अट २०२४ च्या जानेवारीत ३२ हजारांवरून एकदम ३८ हजार युरो झाली, फ्रेशरला एवढा पगार कोण देणार, त्यात मोठ्या टेक कंपन्यांनी २०२२ च्या शेवटापासून माणसं कमी केलेली.

मग ही कमी बेरोजगारी नक्की कुणाची? सीएसओच्या (तिथल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाच्या) साइटवर लेबर फोर्स सर्व्हेचा आकडा वेगळा, लाइव्ह रजिस्टरचा वेगळा, कुठला धरायचा? आणि मावसभाऊ पुढच्या वर्षी जायचं म्हणतोय, त्याला काय सांगू?

प्रतिसाद (कॉर्क, ९ वर्षं इथेच)

दादा, दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त तुमची बहीण दोन्हींत नाही. सर्व्हेत बेरोजगार म्हणजे ज्याने त्या आठवड्यात एक तासभरसुद्धा पगारी काम केलं नाही, मागच्या चार आठवड्यांत काम शोधलं आणि दोन आठवड्यांत रुजू होऊ शकतो असा माणूस. ती कॅफेत जाते, म्हणजे ती नोकरदार, विषय संपला. लाइव्ह रजिस्टर म्हणजे भत्त्यासाठी नाव नोंदवलेले, त्यात आठवड्याला तीन दिवसांपर्यंत काम करणारे पार्टटाइम, सीझनलवाले पण येतात, म्हणून तो बेरोजगारीचा आकडा नाहीच, सीएसओ स्वतःच तसं लिहितं.

मावसभावाला सांगा, देशाचा दर बघून येऊ नको, आपल्या शिक्षणाला माणसं कुठे लागतात ते बघ. इथे नर्स हवेत, बांधकामाला माणसं हवीत. डेटावाल्या फ्रेशर्सची मात्र रांग आहे.

बहिणीला सांगा सीव्हीत वरच लिही की वन-जीवर आज परमिटशिवाय फुलटाइम जॉइन होता येतं, आणि पुढे क्रिटिकल स्किल्सला कंपनीने आधी २८ दिवस जागेची जाहिरात द्यायची अट लागत नाही. छोट्या कंपन्यांच्या एचआरला हे खरंच माहीत नसतं, मी स्वतः दोघांना समजावलंय. आणि डब्लिन सोडून बघा, कॉर्कला फार्मा, गॉलवेला मेडिकल डिव्हाइस, तिथे क्वालिटी आणि प्रॉडक्शनच्या डेटाची कामं निघतात.

धागाकर्ता

खूप आभार. एक तासाचं वाचून मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो, हे आधी कळलं असतं तर घरी एवढ्या छातीठोकपणे बोललो नसतो. सीव्ही काल रात्रीच बदलला, गॉलवेच्या दोन जागांना अर्ज टाकलाय. आईला रविवारी आम्ही दोघं मिळून सांगणार आहोत. गॉलवे, लिमरिककडे मेडिकल डिव्हाइसमध्ये कुणी असेल तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, १० महिनेच उरलेत.