मोरबेचे ‘शिल्लक’ पाणी बोली लावून विकावे का?

पामबीचचा जुना रहिवासी
‘नवी मुंबई पालिका इतक्या स्वस्तात पाणी देते ही निव्वळ खैरात आहे, पालिकेच्या मालकीच्या मोरबे धरणाचे शिल्लक पाणी बोली लावून कारखान्यांना आणि शेजारच्या पालिकांना विकावे,’ असे काल येथे एकाने लिहिले आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. राहवले नाही म्हणून सविस्तर लिहितो. शिल्लक म्हणजे नेमके कोणते? धरण 88 मीटरला भरल्यावर सांडव्यावरून वाहून जाते ते. ते विकायचे तर त्याच दिवसांत उचलावे लागेल. पण भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता दिवसाला 450 दशलक्ष लिटर आहे आणि पावसाळा आला म्हणून जलवाहिनी रुंद होत नाही. म्हणजे बोली लावणारा पैसे मोजणार ते एप्रिल-मेमधल्या पाण्याचे. साठा सुमारे 190 दशलक्ष घनमीटर. रोज पूर्ण क्षमतेने उचलले तर कागदावर चौदा महिने पुरतो, त्यातून बाष्पीभवन आणि तळाचा गाळमिश्रित साठा वजा करा, आणि मग पावसाने जुलैपर्यंत ओढ दिली तर काय होईल ते सांगा. विकायचेच असेल तर हमीचे पाणी महाग असावे, आणि साठा ठरलेल्या पातळीखाली गेला की सर्वांत आधी तोडायचे बिनहमीचे पाणी स्वस्त असावे. सरसकट लिलाव म्हणजे घरचा तांदूळ विकून पाहुण्यांना जेवायला बोलावणे आहे.

घोडबंदरवासी
ज्यांच्या मालकीचे धरण आहे त्यांना हे तत्त्वज्ञान परवडते. ठाण्याला स्वतःचे धरण नाही. आमची पालिका स्टेम या पाणीपुरवठा प्राधिकरणाकडून, एमआयडीसीकडून, मुंबईकडून पाणी विकत घेते, आणि तरीही उन्हाळ्यात टँकर मागवावाच लागतो. आमचा वॉचमन टँकर रिकामा होण्याआधी आणि नंतर भूमिगत टाकीत बांबू बुडवून ओल कुठवर आली ते खुणेने पाहतो, कारण टँकर पूर्ण भरलेला असेलच याचा भरवसा नाही. पाण्याची बोली रोज लागतेच आहे; फक्त तिचे पैसे कोणत्याही पालिकेच्या तिजोरीत जात नाहीत.

सचिव, नेरुळ
दोघेही धरणापाशी भांडता आहात, पण दर वसूल होतो तो सोसायटीच्या फाटकाशी. तेथे सगळ्यांचा मिळून एकच मीटर. जास्त वापराला चढा दर लावला, तरी बिल सर्व घरांवर समान वाटले जाते. मग दोघेच राहणारे निवृत्त जोडपे आणि रोज दोन गाड्या पाइपने धुणारे कुटुंब यांना एकच रक्कम. अशा ठिकाणी दर वाढवून बचत कशी होणार?

टप्पानिहाय
ताई, ही पळवाट झाली. घरटी मीटर बसवा.

सचिव, नेरुळ
बसवा म्हणणे सोपे आहे. जुन्या इमारतींत गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास यांच्या उभ्या नळ्या स्वतंत्रपणे खाली उतरतात, त्यामुळे एका घराला तीन-चार मीटर लागतात. आमच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, ‘माझे घर वर्षातले आठ महिने बंद असते, मी मीटरचा खर्च का द्यावा?’ ज्यांचा सर्वाधिक फायदा होता त्यांनीच विरोध केला.

टप्पानिहाय
म्हणजे तुमच्या सभेत एकमत होत नाही म्हणून शहराने फुकटात पाणी वापरावे!

सचिव, नेरुळ
फुकट हा शब्द मी वापरलेला नाही. आधी एखाद्या सोसायटीची थकबाकी वसूल करून दाखवा, मग उपदेश करा.

खारेपाटचा भाचा
मीटरची चर्चा संपली असेल तर पेणकडेही पाहा. हेटवणे धरण सिंचनासाठी बांधले. आज त्याचे पाणी सिडकोमार्फत नवी मुंबईच्या नळांना येते. माझ्या मामाच्या गावी, खाडीकाठच्या खारेपाटात, विहीर एप्रिलमध्ये मचूळ होते. 2005 च्या कायद्याने राज्याचे जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले, जलवापर हक्कांच्या हंगामी देवघेवीची भाषा आली. पण ज्याच्या शेतापर्यंत कालवाच पोहोचला नाही त्याच्याजवळ विकायला हक्क कोठून येणार? तुमच्या बाजारात आम्ही ना विक्रेते, ना गिऱ्हाईक.

पामबीचचा जुना रहिवासी
खारेपाटाचा मुद्दा मान्य. धरणाजवळच्या गावांचे पाणी बाजूला काढल्याशिवाय ‘शिल्लक’ मोजूच नये. कारखान्यांबाबत मात्र माझे मत कायम आहे: कोपरखैरणे आणि ऐरोलीला सांडपाणी तृतीय स्तरापर्यंत शुद्ध करून एमआयडीसी पट्ट्याला देण्याची सोय झाली आहे. शीतकरणाला आणि बागेला ते चालते. आधी ते पुरते संपवा, मग मोरबेकडे हात पसरा. घोडबंदरच्या मित्रांचा बांबू वाचून वाईट वाटले, पण त्याने धरणातली पातळी वाढत नाही.

घोडबंदरवासी
सहानुभूतीबद्दल आभारी आहोत. ती टाकीत साठवू. बिनहमीचे पाणी द्या, घेऊ. टँकर तरी कुठे हमीचा असतो? एकच अट: पुरवठा कधी तोडणार ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता, धरणाची पातळी किती मीटरवर आली की तोडणार ते करारात लिहा, आणि ती पातळी रोज जाहीर करा.