स्टेम सेलवाल्यांनो, एपेन्डायमल पेशींना सोडा

खडूफळा
सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय: 'निसर्गाने मेंदूत आणि कण्यात एपेन्डायमल पेशींच्या रूपाने स्टेम सेल देऊनच ठेवल्यात. त्या जाग्या केल्या की तुटलेला कणा जोडला जातो.' (स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी.) खाली कुठल्याशा केंद्राचा फोन नंबर. जन्म फिजिऑलॉजी शिकवण्यात गेला, त्यामुळे गप्प बसवत नाही.

या पेशींचं खरं काम कुणाला नकोच आहे. मेंदूतल्या पोकळ्यांना आणि कण्यातल्या मेरुरज्जूच्या मधल्या नळीला आतून त्यांचं अस्तर असतं. सीएसएफ, म्हणजे मेंदू आणि मेरुरज्जूच्या आतबाहेरचं पाणी, अंगात साधारण १५० मिली, पण रोज बनतं ५०० मिलीच्या आसपास. भिंतीलगतचं हे पाणी आपल्या सिलियांनी, म्हणजे केसांसारख्या हलत्या तंतूंनी, हलतं ठेवायचं, पाणी आणि मेंदू यांच्यातल्या देवाणघेवाणीवर नजर ठेवायची, हा त्यांचा धंदा. मेंदूत हे अस्तर गेलं तर त्याच पेशी पुन्हा उगवत नाहीत, ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी ठिगळ लावतात. ठिगळाला सिलिया नसतात.

१९९९ साली स्टॉकहोमला कारोलिन्स्का संस्थेतल्या फ्रिसेन यांच्या गटाने एपेन्डायमल पेशी याच मेंदूतल्या स्टेम सेल असं मांडलं. त्याच वर्षी, त्याच 'सेल' नियतकालिकात न्यूयॉर्कहून आल्वारेझ-बुइया यांच्या गटाने दाखवलं की खऱ्या स्टेम सेल शेजारच्या थरातल्या ॲस्ट्रोसाइट आहेत. पुढे पारडं या दुसऱ्या बाजूलाच झुकलं. पोस्टवाल्यांचं कॅलेंडर मात्र पहिल्या पेपरवर अडकलंय.

फिजिओ_कोल्हापूर
सर, मेंदूचं सांगून कण्याचं गुंडाळलंत. मेरुरज्जूतल्या एपेन्डायमल पेशी इजा झाली की विभागतात, हे २००८ पासून छापलेलं आहे. २०१३ साली 'सायन्स' नियतकालिकात आलं की उंदरात त्यांचं विभाजन थांबवलं तर जखम आणखी पसरते आणि जास्त चेतापेशी मरतात. २०२० मध्ये त्यांच्यापासून ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी करून घेतल्या, त्यांनी चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टणही चढवलं. हे लपवून पेशंटची आशा मारायची, याला काय म्हणायचं?

खडूफळा
उंदरांपुरतं मान्य. तुमच्याकडे कुणी जखमी उंदीर ॲडमिट असेल तर त्याच्या नातेवाइकांचं अभिनंदन. प्रौढ माणसात ती मधली नळी बहुतेक ठिकाणी बुजलेली असते, हेही छापलेलंच आहे. आणि २०१३ चा तुमचाच पेपर नीट वाचा: त्या पेशी व्रण बांधतात, जखम आवरतात. तुटलेल्या तारा जोडत नाहीत.

वाईची_माई
तुमचे पेपर तुमच्यापाशी ठेवा. माझा धाकटा भाऊ बाइकवरून पडला, कमरेखाली काही नाही. अशाच एका केंद्राने पाठीत इंजेक्शनं दिली, वडिलांनी उसाचं रान विकलं. भाऊ आजही व्हीलचेअरवर आहे. फिजिओदादा, तुमच्या त्या 'आशे'चा भाव आम्हाला विचारा.

फिजिओ_कोल्हापूर
माई, मी केंद्रांची बाजू घेतलेली नाही. संशोधन वेगळं, दुकान वेगळं.

वाईची_माई
दुकानदार तुमच्याच संशोधनाची पाटी लावतो ना!

आबा_निवृत्त
थोडं अवांतर. पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. माझी चाल बिघडली, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मग लघवी आवरेना, नावं विसरायला लागलो. डॉक्टर म्हणे वय झालं. दुसऱ्याने एमआरआयमध्ये मेंदूत पाणी साचलेलं बघून पाठीतून पाणी काढलं, त्याच दिवशी मी सरळ चाललो! मग जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी, शंट, बसवला, आता रोज मंडईत जातो. माझ्या सिलिया थकल्या असणार, दुसरं काय!

खडूफळा
आबा, शंट लाभला, आनंद आहे. सिलियांना उगीच श्रेय देऊ नका. तुमच्या आजारात त्यांचा हात आहे असं सिद्ध झालेलं नाही. पाणी मुख्यतः नाडीच्या ठोक्यांनी आणि श्वासाने हलतं. सिलिया जन्मतः निकामी असल्या तर उंदरांची डोकी पाण्याने फुगतात, माणसांत ते क्वचितच होतं.

फिजिओ_कोल्हापूर
क्वचित म्हणजे शून्य नव्हे. सिलिया घडवणाऱ्या फॉक्सजे१ जनुकातल्या बिघाडाने माणसांत हायड्रोकेफॅलस, म्हणजे मेंदूत पाणी साचणं, झाल्याचं २०१९ मध्ये आलंय.

खडूफळा
म्हणूनच 'क्वचित' लिहिलं. शब्द मोजून वापरतो मी.

रात्रपाळी
आबांचं वाचून सगळे उद्या आईवडिलांना शंटसाठी उभं करतील. सगळा स्मृतिभ्रंश पाण्याचा नसतो. माझ्या भाच्याला तान्हेपणीच शंट बसला. तो तुंबला की उलट्या, डोकेदुखी, पुन्हा ऑपरेशन. बहिणीची बॅग कायम भरलेली असते. एवढं सोपं नाही ते!

आबा_निवृत्त
मी कुठे सोपं म्हटलं? 'वय झालं' म्हणून हाकलू नका, एवढंच म्हणतो. तुमच्या पिढीला म्हाताऱ्याचं चालणं दिसतच नाही.

रात्रपाळी
पिढीवर जाऊ नका. आयसीयूत रात्रभर तुमच्याच पिढीला कूस बदलून देतो मी.

खडूफळा
धाग्याचं काश्मीर झालं, विषय पार भरकटला! शंटसाठी वेगळा धागा काढा.

आबा_निवृत्त
काढणार नाही. तुमच्या उंदरांपेक्षा हे वाचून कुणाचा तरी बाप चालायला लागेल.

वाईची_माई
कुणीतरी त्या फोन नंबरचं बोला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांत रक्ताच्या आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच. खडूफळा सर, तुमच्या ग्रुपवर विचारा: चाचणीचा नोंदणी क्रमांक काय, आणि चाचणी असेल तर पेशंटकडून पैसे कसले?

खडूफळा
विचारलं. ॲडमिनने मलाच काढलं. ॲडमिनचा मेहुणा त्या केंद्रात आहे.