तायक्वांदोचा ब्लॅक बेल्ट नेमकं काय सिद्ध करतो?

वाटसरू
तायक्वांदो, हापकिडो, तांग सू डो या कोरियन मार्शल आर्ट्सचा विषय निघाला की एक जण म्हणतो जगातल्या सगळ्यात भारी किक यांच्याकडे आहेत आणि दुसरा म्हणतो हा सगळा पायांचा नाच आहे, खऱ्या मारामारीत दहा सेकंदही टिकणार नाहीत. मी बरीच वर्षं तायक्वांदो केलंय, नंतर बॉक्सिंग आणि ज्युदोही केलं, त्यामुळे दोन्हीकडचं जवळून बघितलंय. माझं मत असं की किक उत्तमच आहेत, गडबड आहे ती क्लासमध्ये काय शिकवतात आणि बेल्ट कशावर देतात यात. एकाच फीमध्ये तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, पूमसे (एकट्याने करायचा हालचालींचा ठरलेला क्रम), स्पर्धेचं स्पारिंग (दोघांची लढत) आणि सेल्फ डिफेन्स. पहिल्या दोनला नियम आहेत, परीक्षा आहे, चूक झाली तर लगेच दिसते. तिसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी फक्त जाहिरातीत असते.

ऑलिम्पिकवाल्या संघटनेचे, म्हणजे वर्ल्ड तायक्वांदोचे नियम बघा. तोंडावर ठोसा मारायचा नाही, कमरेखाली किक नाही, धरायचं नाही, खाली पडलात तर पेनल्टी. छातीवर ठोश्याचा १ पॉइंट, छातीवर साध्या किकचे २, डोक्यावर ३, आणि फिरून मारली तर आणखी २ जास्त. आता रोज याच नियमात सराव करणाऱ्या माणसाचे हात कुठे राहणार? खालीच. त्याला कोणी मूर्ख म्हणू नका, शरीर ज्याचे पॉइंट मिळतात तेच शिकतं. पण मग त्याच मुलाला 'तू आता स्वतःचं संरक्षण करू शकतोस' असं सांगून सर्टिफिकेट देणं मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

अभ्या
सर्टिफिकेट सोडा, मला तर स्पर्धाही आता लढाई वाटत नाही. २०१२ लंडनला इलेक्ट्रॉनिक चेस्ट गार्ड आले, २०१६ रिओला हेडगार्डमध्येही सेन्सर, तेव्हापासून निम्मा वेळ दोघंही पुढचा पाय हवेत धरून एकमेकांना टोचत असतात. डोक्याला तर पाय नुसता नीट लागला तरी पॉइंट, जोर बघतच नाहीत. क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांना चिकटून उभं राहून पाय वाकडा करून डोक्याला लावायचा आणि ३ पॉइंट घ्यायचे, याला कुठल्या लढाईत काय किंमत आहे सांगा ना. दोन वर्षं बॉक्सिंग केलेला कोणीही पोरगा आत घुसला की खेळ संपला.

निळापट्टा
अभ्या, तू स्क्रीनवर बघून बोलतोयस असं वाटतंय रे. मी स्पर्धा खेळते. समोरची मुलगी माझ्याच वजनाची, मला पाडायलाच आलेली, तिला माझी कुठलीही मदत करायची नाहीये, आणि हे मी आठवड्यातून कित्येकदा करते. अंतर कसं राखायचं, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे, तो निघायच्या आधी आपण कसं निघायचं, हे विरोध करणाऱ्या माणसासमोरच शिकता येतं. 'स्ट्रीट फायटिंग' नावाने जे दोन दिवसांचे कोर्स चालतात त्यात हे किती मिळतं? आणि बॅक किक पोटात नीट बसली की चेस्ट गार्ड असूनही श्वास अडकतो, गार्ड नसेल तर विचार करा.

राहिला उपयोगाचा प्रश्न, तर एमएमए (सगळे प्रकार चालणारी केजमधली लढत) खेळणारा अँथनी पेटिस तायक्वांदोतूनच आला, २०१० मध्ये त्याने बेन हेंडरसनला केजच्या जाळीवरून उडी मारून जी किक मारली ती अजून लोक दाखवतात. याइर रॉड्रिगेझही तायक्वांदोवाला. मग हे दोघं काय नाचत होते का?

अभ्या
पेटिसचं उदाहरण सगळेच देतात. त्याने किकबॉक्सिंग, कुस्ती, जुजुत्सू सगळं शिकून घेतलं तेव्हा ती किक कामाला आली. आणि ती पाचव्या राउंडमध्ये मारली, म्हणजे आधीचे चार राउंड तो तिथे टिकला होता, त्याला टेकडाउन (धरून खाली पाडणं) अडवता येत होते, तोंडावर ठोसे खायची सवय होती. फक्त तायक्वांदो करून तो तिथपर्यंत पोचला असता का?

निळापट्टा
मग फक्त बॉक्सिंग करून कोण पोचलं? एकाच प्रकारावर तिथे कोणीच टिकत नाही, मग तायक्वांदोलाच वेगळी फूटपट्टी का लावायची?

वाटसरू
निळापट्टा, तुमचा मुद्दा बरोबर आहे, फक्त एक फरक बघा. बॉक्सरला स्वतःला माहीत असतं की त्याला कुस्ती येत नाही, त्याचा कोचही त्याला सांगतो. तायक्वांदोच्या क्लासमध्ये मात्र ब्लॅक बेल्टला आपल्याला काय येत नाही हे कोणी सांगतच नाही. मला राग आहे तो याचा.

आयटीएफवाला
इथे सगळे एकाच तायक्वांदोबद्दल बोलतायत. चोई होंग ही यांनी १९६६ मध्ये सोलमध्ये आयटीएफ (इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन) काढली, १९७२ ला ते कॅनडाला गेले, त्यानंतर १९७३ मध्ये सोलमध्ये दुसरी संघटना उभी राहिली जी आज वर्ल्ड तायक्वांदो म्हणून ऑलिम्पिकमध्ये दिसते. आमच्याकडे ग्लोव्ह्ज घालून डोक्यावर ठोसे चालतात. त्यामुळे हात वर, हनुवटी खाली, किक मारून परत येताना गार्ड बंद करायची सवय लागते. लो किक आणि धरणं आमच्याकडेही नाही हे खरं. पण वाटसरू म्हणतात तसं शरीर नियमातूनच शिकतं याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही, किक जवळपास त्याच आहेत, एक नियम बदलला आणि उभं राहण्याची पद्धतच वेगळी झाली.

जुना_साबुम
मी शिकवतो, म्हणून सविस्तर लिहितो. बेल्टच्या बाबतीत लोकांना मूळ व्यवस्था माहीत नसते. कुक्कीवॉन, म्हणजे सोलमधलं मुख्यालय जे १९७२ मध्ये बांधलं, तिथून डानची, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्यांची सर्टिफिकेट येतात. पहिल्या डानवरून दुसऱ्यावर जायला किमान १ वर्ष थांबावं लागतं, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर २, तिसऱ्यावरून चौथ्यावर ३, असं वाढत वाढत आठव्यावरून नवव्याला ९ वर्षं. १५ वर्षांखालच्या मुलांना डान देत नाहीत, पूम देतात, म्हणजे मुलांचा ब्लॅक बेल्ट. कोरियात नियमित क्लासला जाणारं मूल साधारण वर्षभरात पहिला पूम घेतं आणि तिथे कोणी त्याला योद्धा समजत नाही. पाया झाला, आता शिकायला सुरुवात कर, एवढाच अर्थ. कोरियाबाहेर आपण सगळ्यांनी ब्लॅक बेल्ट म्हणजे पोचलेला माणूस असं डोक्यात धरून ठेवलंय.

आणि बाहेर काय झालं, तर हाच बेल्ट चार-पाच वर्षं लांबवला. लोक म्हणतात वा, किती कडक क्लास आहे. पण मधे मधे अर्ध्या पट्टीचे, टिपक्याचे बेल्ट घालून प्रत्येकाची ग्रेडिंग (बेल्टची परीक्षा) फी घेतली, स्पारिंग मात्र तेवढंच राहिलं, तर वेळ लांबला म्हणून दर्जा वाढला असं कसं म्हणायचं?

अभ्या
सर, मग दर्जा कोण ठरवणार? परीक्षा घेणारे तुम्हीच ना?

जुना_साबुम
हो, आणि हीच खरी दुखरी नस आहे. कोरियात पहिल्या डानची परीक्षा त्या त्या भागातली संघटना घेते, एका हॉलमध्ये कितीतरी क्लासची मुलं असतात, परीक्षक तुमचे सर नसतात. बाहेरच्या देशांत चौथ्या डानचा किंवा त्यावरचा शिक्षक स्वतःच्याच विद्यार्थ्याची शिफारस करू शकतो, नाव वर पाठवायचं, फी भरायची, सर्टिफिकेट येतं. म्हणजे फी घेणारा, शिकवणारा आणि पास करणारा माणूस एकच. प्रामाणिक शिक्षक खूप आहेत, मी स्वतः ओळखतो, पण नापास केलेलं मूल पुढच्या महिन्यात क्लास सोडतं ही भीती प्रत्येकाला असते.

मंजिरी
मी मोठेपणी क्लास लावला, तोही फक्त सुरक्षिततेसाठी, स्पर्धा वगैरे काही नको होतं. सेल्फ डिफेन्सच्या नावाखाली दर शनिवारी मनगट सोडवायचं शिकवायचे, समोरचा धरायचा, मी अमुक दिशेने हात फिरवायचा, तो सोडून द्यायचा. एकदा मी पार्टनरला म्हटलं खरंच घट्ट धर आणि ओढ, तर मला काहीच जमलं नाही, आणि सर म्हणाले असं नाही करायचं, टेक्निक बघ. बास. तिथेच माझा विश्वास उडाला. ओरडायचं कसं, भिंतीला टेकवलं तर काय करायचं, केस धरले तर काय, वाट काढून पळायचं कधी, यातलं एकही कधी झालं नाही. मला वाटतं काहीच न शिकलेली बाई निदान सावध तरी राहते, आणि मला मात्र वर्षभर उगाच वाटत होतं की मला येतं.

दगडफूल
मंजिरीताई, तुमचा अनुभव वाईट आहे पण त्यावरून लॉकच (सांधा पिरगळून अडकवायचे डाव) निकामी ठरवू नका. मी हापकिडो करतो. चोई योंग सुल यांनी देगूमध्ये १९४०च्या दशकाच्या शेवटी शिकवायला सुरुवात केली, त्याचं नातं दाइतो रयू या जपानी जुजुत्सूच्या शैलीशी सांगतात, आणि त्यातले मनगटाचे, कोपराचे लॉक पूर्ण जोराने लावले तर सांधा जातो. म्हणून पार्टनर सुरुवातीला साथ देतो, नाहीतर रोज कोणीतरी जायबंदी होईल. शिवाय आम्ही पडायला शिकतो, आणि रोजच्या आयुष्यात माणूस मार खाण्यापेक्षा घसरून जास्त वेळा पडतो, हात टेकून मनगट मोडून घेतो. मला तरी हापकिडोतलं सगळ्यात कामाचं तेच वाटतं.

वाटसरू
पडण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण 'धोकादायक आहे म्हणून जोराने करता येत नाही' हे कारण मी नुसतं ऐकून घेणार नाही. ज्युदोतही माणूस उचलून आपटतातच की, तरी दोघं रोज पूर्ण ताकदीने रांदोरी (खुली सराव लढत) करतात, कारण जे सुरक्षितपणे जोराने करता येईल तेवढंच त्यात ठेवलंय. कोरियात तोच ज्युदो यूदो म्हणून शिकवतात आणि ऑलिम्पिकमध्ये त्यांची मेडल आहेत. साथ देणारा पार्टनर पहिले काही आठवडे ठीक आहे, पण वर्षानुवर्षं तोच साथ देत राहिला तर तुमचा लॉक बसतो की नाही हे तुम्हाला कळणार कसं? मंजिरीने घट्ट धर म्हटलं तेव्हा सरांनी थांबवायला नको होतं, तिथूनच खरा क्लास सुरू करायला हवा होता.

दगडफूल
सुरुवात साथीने आणि पुढे हळूहळू विरोध वाढवत न्यायचा, चांगल्या ठिकाणी हेच करतात. सगळीकडे होत नाही हे मान्य करतो. पण ज्युदोच्या फूटपट्टीने हापकिडो मोजणं मला पटत नाही, मनगट धरून ओढणारा माणूस ज्युदोच्या मॅटवर कुठे भेटतो?

आयटीएफवाला
एक विषय राहिलाच, इतिहास. अजूनही कितीतरी क्लासमध्ये दोन हजार वर्षांची परंपरा आणि प्राचीन कोरियातले ह्वारांग योद्धे वगैरे सांगतात. प्रत्यक्षात ली वॉन कुक यांनी १९४४ मध्ये चुंग दो क्वान (क्वान म्हणजे शाळा) सुरू केलं, ते जपानमध्ये शोतोकान कराटे शिकून आले होते. ह्वांग की यांचं मू दुक क्वान १९४५ चं. तायक्वांदो हे नाव १९५५ चं. सुरुवातीच्या काळात क्वानमध्ये कराटेचेच काता (पूमसेसारखे ठरलेले क्रम) करायचे. जुना कोरियन खेळ म्हणाल तर तेक्क्योन आहे, तो सोंग दोक की यांच्यामुळे टिकला आणि २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, पण त्याची चाल, पाय टाकण्याची लय बघितली तर तायक्वांदोपेक्षा एकदम वेगळी आहे.

निळापट्टा
इतिहास खोटा सांगितला म्हणून किक हळू लागते का?

आयटीएफवाला
किक नाही हळू लागत. पण जो शिक्षक 'माझ्या सरांनी सांगितलं' म्हणून इतिहास न तपासता पुढे देतो तोच चाकू हिसकावण्याची टेक्निकही न तपासता पुढे देतो, आणि तिथे माणूस मरू शकतो. म्हणून मला दोन्ही एकच वाटतं.

जुना_साबुम
चाकूचं मी माझ्या क्लासमध्ये बंद केलंय. मुलांना सांगतो, पाकीट द्या आणि पळा. ग्रेडिंगलाही मी पुढच्या वेळेपासून दुसऱ्या क्लासचे शिक्षक बोलावणार आहे आणि मोठ्यांसाठी एक राउंड ग्लोव्ह्ज घालून, तोंडावर ठोसा आणि धरणं दोन्ही चालू ठेवून घेणार आहे. बघू किती जण टिकतात.

निळापट्टा
सर, मोठ्यांचं ठीक, पण हेच उद्या दहा वर्षांच्या मुलांना लावू नका प्लीज. त्या वयात डोक्याला वारंवार मार नकोच, कितीही हलका असला तरी. लहान मुलांना पूमसे, पडणं, पॅडवर किक आणि छातीपुरतं स्पारिंग एवढं पुरे आहे, त्यांचा तोल आणि लवचीकपणा कमालीचा सुधारतो, मी स्वतः लहान बॅचला मदत करते तेव्हा बघते.

अभ्या
लहानांचं मान्य. पण मग त्यांच्या सर्टिफिकेटसोबत पालकांना स्पष्ट लिहून द्या की यात सेल्फ डिफेन्स शिकवलेला नाही. द्याल का सर?

जुना_साबुम
देईन. काही पालक दुसऱ्या क्लासला जातील, तरी देईन.