स्टॅक्सची जुनी रेकॉर्डिंग्ज अटलांटिककडे गेली कशी?

सारंग_पुणे: अल बेल १९६५ मध्ये मेम्फिसच्या स्टॅक्स या सोल संगीताच्या रेकॉर्ड कंपनीत प्रमोशन बघायला आले आणि पुढे कंपनीच त्यांच्या हातात आली. पण १९६८ मध्ये गायक ओटिस रेडिंगच्या गाण्यांसकट सगळा जुना माल अटलांटिक या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेला. अटलांटिक तर नुसती वितरक होती ना? आणि एवढं गेल्यावर बेलनी कंपनी उभी कशी ठेवली?

मास्टरटेप: १९६० पासून व्यवहार तोंडी होता, १९६५ मध्ये कागदावर आला. मालक जिम स्टुअर्टनी एक कलम आवर्जून घालून घेतलं: अटलांटिकचे जेरी वेक्सलर बाहेर पडले किंवा त्यांनी हिस्सा विकला, तर करार मोडता येईल. बाकीचा करार न वाचताच सही केली. १९६७ मध्ये अटलांटिक वॉर्नर-सेव्हन आर्ट्सने घेतली. स्टुअर्ट करार मोडायला निघाले तेव्हा दुसरं कलम पुढे आलं: वितरित केलेल्या मास्टर्सची (मूळ रेकॉर्डिंग्जची) पूर्ण मालकी अटलांटिकची. दार उघडं होतं, सामान मात्र नेता येत नव्हतं. गायक सॅम अँड डेव्ह तर मुळात अटलांटिकचेच, उसने दिलेले. तेही परत गेले.

नीलिमा_जे: कोर्टात जाऊनही फारसा उपयोग नव्हता. अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कॉपीराइट मिळाला तो १५ फेब्रुवारी १९७२ पासूनच्या मुद्रणांना. त्याआधीचं सगळं तेव्हा राज्यांच्या कायद्यावर आणि करारावर होतं. ३५ वर्षांनी हक्क परत मागण्याची सोयही १९७८ नंतरच्या करारांनाच आहे.

मास्टरटेप: आता बेल. नव्या तबकडीचे पैसे वितरकाकडून उशिरा येतात, न खपलेला माल परत येतो. तोवर पगार निघतात जुन्या मालावर. तोच नाही म्हटल्यावर बेलनी १९६९ मध्ये एकदम २७ एलपी काढले. त्यातल्या गायक आयझॅक हेजच्या एलपीवर गाणी फक्त चार, एक तर १८ मिनिटांहून लांब. रेडिओसाठी कापून सिंगल (एका गाण्याची छोटी तबकडी) काढावा लागला, पण खरा खप झाला एलपीचा. सोल म्हणजे सिंगल्सचा धंदा, हे गणित तिथे बदललं. माझ्या मते बेल यांचं सर्वात मोठं काम हेच.

सारंग_पुणे: मग १९७५ मध्ये दिवाळं का?

नीलिमा_जे: पुन्हा एकाच माणसावर भिस्त. १९७२ चा सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीशी वितरणाचा करार तिथले प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांच्या शब्दावर झाला. १९७३ मध्ये सीबीएसने त्यांना काढलं. नंतर कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या छोट्या दुकानांत, जिथे स्टॅक्सचं खरं गिऱ्हाईक होतं, माल पोचेनासा झाला. आणि करारामुळे दुसरा वितरकही धरता येईना.