दसरा ते दिवाळी : कोल्हापूरच्या आसपास, एकट्यानं, सायकलवरून

पाऊस ओसरलेला असतो आणि कारखान्यांची धुराडी अजून पेटलेली नसतात. त्या मधल्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातले रस्ते सायकलवाल्याचे असतात. भात पिवळं पडलेलं, ओढ्यांना निवळ पाणी, आणि मुख्य म्हणजे उसाच्या ट्रॉल्या नाहीत. गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात आणि सायकलला डांबराची कड तेवढी उरते. या दिवसांत एकट्यानं एक-दोन मुक्कामांची फेरी ज्यांनी केली असेल त्यांनी या धाग्यावर लिहावं. वेग आणि सरासरी नको. रस्त्यात कोण भेटलं, कुठं राहिलात, काय खाल्लंत ते हवं.

माझ्यापासून सुरुवात करतो. शिवाजी पूल ओलांडायचा, वडणगे फाटा, केर्ली, की वाघबीळ आलंच. तिथून पन्हाळ्याचा चढ. सगळ्यात हलका गिअर लावून, खोगिरावरून न उठता चढलं की दम पुरतो. वर झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही. मुक्काम पन्हाळ्यावर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मसाई पठार. १६६० च्या पावसाळ्यात महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले ते याच पठारावरून. सायकल हातात धरून चालत होतो, दोन्ही बाजूंना सोनकीची पिवळी फुलं. एक गुराखी आजोबा सोबत चालू लागले आणि कुठल्या पाणवठ्याला उन्हाळ्यातही पाणी टिकतं ते दाखवत गेले. आम्ही चौघंपाच असतो तर ते लांबूनच हात करून गेले असते. एकट्या माणसाशी लोक बोलतात, त्यासाठीच मी एकटा जातो.

शिरोळची सून

बायकांसाठी मुद्दाम लिहिते, कारण पहिला प्रश्न घरातूनच येतो. मी निवडला तो सपाट रस्ता : हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ, नृसिंहवाडी. चढ जवळजवळ नाहीच, गावं लागून लागून, त्यामुळं पंक्चर झालं तरी माणूस हाकेच्या अंतरावर. मुक्काम वाडीला. दत्ताच्या दर्शनाला एकट्या बाईनं येणं तिथं कुणाच्या डोळ्यावर येत नाही, खोली मिळते, सायकल आत घेऊ देतात. संध्याकाळी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर आरती ऐकली. पुराच्या खुणा घाटावर अजून ओल्या होत्या.

सकाळी कुरुंदवाडवरून खिद्रापूर. कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, शिलाहारांचं. स्वर्गमंडपाला ४८ खांब आणि वर छताला गोल मोकळं आभाळ. मी पोचले तेव्हा उन्हाचं वर्तुळ खांबांवर पडलं होतं. ते खाली सरकत मधल्या शिळेकडे निघालं, तसं मी कितीतरी वेळ तिथंच बसून राहिले. बरोबर कुणी असतं तर "चला, उशीर होतोय" झालंच असतं. शिवाच्या देवळात नंदी नाही हे तिथल्या आजींनी दाखवलं. तो पलीकडे यडूरला आहे म्हणतात. येताना वाडीची कवठाची बर्फी घ्या, सायकलच्या पिशवीत ती पेढ्यांपेक्षा चांगली टिकते.

बालिंगा पाडळी

माझी साधी सायकल आहे, गिअर नाहीत. गगनबावडा, सुमारे ५५ किलोमीटर, एक मुक्काम. कळे गावापर्यंत सरळ. साळवण सोडलं की हवा बदलते, गारवा लागतो, शेतात भाताची कापणी. असळजच्या अलीकडे रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं होतं. त्यावरून सायकल घालू नका, उतरून कडेनं चाला. चार महिन्यांचं पीक असतं ते. मी उतरलो तर त्या मावशींनी बोलावून चहा दिला, भुईमुगाच्या ओल्या शेंगा दिल्या आणि "पोरं सांभाळत्यात का रं" अशी माझीच चौकशी केली. दुसऱ्या दिवशी उजाडताना करूळ घाटाच्या तोंडाशी उभा राहिलो. खाली सगळं कोकण ढगाखाली. घाट उतरू नये असं माझं मत, एकट्यानं परत चढताना मोठ्या गाड्यांचा त्रास होतो.

गुळव्याचा नातू

दिवाळीपूर्वीच जावं हे मला पटत नाही. गुऱ्हाळं पेटलेली नसतील तर आपल्या भागात बघायचं काय? मी दिवाळीनंतर जातो, पण मोठा रस्ता सोडून नदीकाठच्या गाडीवाटेनं. चुलवाणात, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीत, चिपाड धडधडत असतं, काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस उकळत असतो, भेंडीच्या पाण्यानं मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहतात. एकटा सायकलवाला थांबला की पहिली वाटी काकवीची मिळते, सोबत कुणाच्या तरी शिदोरीतली भाकरी. ट्रॉल्यांचं मात्र खरं आहे. कित्येकांना मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. म्हणून माझा नियम एकच, सूर्य मावळायच्या आत मुक्काम.

राधानगरीकर

थोडक्यात. राधानगरीपर्यंत खुशाल या, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे बघा. दाजीपूरच्या जंगलाच्या बाजूला सांज झाल्यावर एकट्यानं जाऊ नका. गवे रस्त्यावर येतात. एकटा गवा दिसला तर लांब थांबायचं, घंटी वाजवायची नाही, तो जाईपर्यंत पुढं सरकायचं नाही.

धागाकर्ता

गुळव्याच्या नातवाचं म्हणणं मान्य. गाडीवाटेनं असेल तर दिवाळीनंतरही या. नव्यानं निघणाऱ्यांसाठी सामानाचं सांगतो : एक जादा ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप, मागचा लाल दिवा, दोन बाटल्या पाणी. ऑक्टोबरचं ऊन अकरानंतर सोसत नाही, तेव्हा सहाला निघा आणि दुपारी देवळाच्या ओसरीवर आडवे व्हा. भुदरगडच्या बाजूनं अजून कुणी लिहिलेलं नाही. पाटगाव, म्हणजे मधाचं गाव, तिथं सायकलनं कुणी राहून आलं असेल तर गारगोटीच्या पुढचा रस्ता सध्या कसा आहे ते सांगा, पुढच्या आठवड्यात निघतोय.