प्रतिसाद: फ्लश की ड्रेन-फिल

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल ड्रेन केलं, म्हणजे खालचा बोल्ट उघडून काढलं, तर निम्मंच निघतं म्हणून मशीनने फ्लश केलेलंच (जुनं ढकलून सगळं एकदम बदललेलंच) बरं, असं वर दोघातिघांनी लिहिलंय, ते अर्धवट पटतं. टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणाऱ्या भागातलं) ऑइल खालचा बोल्ट उघडून येत नाही हे खरंच, पण दर वेळी निम्मं बदलतंय असं धरलं तरी मध्येमध्ये गाडी चालवून तीनदा ड्रेन-फिल केलं (काढून तेवढंच नवं भरलं) की साधारण 87 टक्के ऑइल नवं होतं, आणि वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या गिअरबॉक्सला मी तरी हेच करेन.

पण भरल्यावर ऑइलची लेव्हल कशी बघायची हे कुणीच लिहिलं नाहीये, आणि खरी गोम तिथेच आहे. ऑइल तापलं की फुगतं. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांना डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) नसते, खाली लेव्हल प्लग असतो, म्हणजे जास्तीचं ऑइल जिथून बाहेर येतं तो बोल्ट. कात्रजला मी ज्यांच्याकडे जातो ते मेकॅनिक गाडी सपाट लिफ्टवर घेऊन, इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकेकदा टाकून, गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर मॅन्युअलमध्ये दिलेलं ऑइलचं तापमान दिसलं की मगच प्लगला पाना लावतात, आणि धार तुटून थेंब थेंब यायला लागलं की लगेच बंद. मे महिन्यात सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून गाडी तशीच तापलेली नेली आणि घाईत प्लग उघडला तर जास्तीचं ऑइल वाहून जातं, मग थंड झाल्यावर लेव्हल कमी भरते. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजला लावून या, म्हणजे ऑइल थंड होईल. आणि सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) असेल तर त्याचंच ऑइल घ्या, साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल) कृपा करून टाकू देऊ नका.