खान्देशातल्या पावसाला घाबरून कोल्ड एअर इंटेक टाळायचा का?

धुळे_ते_शिरपूर
कोल्ड एअर इंटेकचं, म्हणजे इंजिनला बॉनेटबाहेरची थंड हवा देणाऱ्या पाइप-फिल्टरचं, नाव काढलं की पुण्या-मुंबईची मंडळी एकच पाढा वाचतात, पाऊस आला की इंजिन गेलं. भो, तो नियम कोकणाला लावा. जळगावात वर्षाला जेमतेम ७०० मिलिमीटर पाऊस, धुळ्यात त्याहून कमी. आमचा निम्मा पावसाळा आभाळाकडे बघण्यात जातो. गाडी १२०० सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल, टर्बो नाही. लांब पाइप टाकून फिल्टर बंपरच्या आत, फॉग लॅम्पच्या मागे उतरवायचा बेत पक्का आहे. बाहेरची थंड हवा, जरा पिकअप, आणि तो आवाज! विरोध असेल तर कारणासकट लिहा, नुसतं 'वॉरंटी जाईल' नको.

वाघूरकाठी
पूर्ण असहमत. वर्षाच्या सरासरीचा इथे काही उपयोग नाही. इंजिन पावसाने मरत नाही, साचलेल्या पाण्याने मरतं. आपल्याकडे पाऊस कमी, पण येतो तेव्हा तासाभरात सगळा हिशेब चुकता करतो. २०२१च्या ऑगस्टअखेरीस चाळीसगावात तितूर-डोंगरीला पूर आला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. तेव्हाही जिल्हा 'कमी पावसाचा'च होता ना?

पुराचंही सोडा. जिथे जिथे रेल्वे फाटक बंद करून बोगदा केलाय, तिथे एका जोरदार सरीत गुडघाभर पाणी. फरशी पुलावरून नाला वाहत असतो, पुढची पिकअप निघाली म्हणून मागचा पण घालतो. कंपनीच्या गाडीत हवा ओढायचं तोंड बहुतेक वेळा बॉनेटखाली वरच्या बाजूला, हेडलाइटच्या उंचीला असतं. तुमचा फिल्टर जवळपास चाकाच्या मध्याला. जिथून गाडी निवांत निघाली असती, तिथे तुम्ही तो बुडवणार.

आता गणित. तुमच्या एका सिलिंडरचे ३०० सीसी. कॉम्प्रेशन १०:१ धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरते ती जागा ३३ मिलिलिटरच्या आसपास. हवा दबते, पाणी दबत नाही. अर्धा कप चहापेक्षा कमी पाणी आत गेलं की पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकला.

नवापूरचा
घाबरवू नका हो लोकांना. आमच्या भागात धुळे-जळगावपेक्षा कितीतरी जास्त पाऊस, तरी लोक असे फिल्टर लावून फिरतात. समोरच्या ट्रकने उडवलेल्या शिंतोड्यांनी काही होत नाही, कापडी फिल्टर थोडा ओलावा सहज सोसतो. वरून पाणी झटकणारं कव्हर चढवायचं. शिवाय पाइपच्या मध्ये बायपास व्हॉल्व्ह बसवता येतो. खालचा फिल्टर बुडाला की तो वरून हवा घेतो. आणि वाहत्या फरशीवर गाडी घालणारा माणूस कंपनीच्या फिल्टरनेही इंजिन घालवतोच. दोष पाइपचा की ड्रायव्हरचा?

जुना_फिटर
कव्हर शिंतोडे अडवतं, बुडाल्यावर ते नसल्यासारखंच. बायपास व्हॉल्व्ह टर्बोला चालत नाही, म्हणजे आजकालच्या बहुतेक डिझेल गाड्या बाद. धुळेवाल्यांच्या गाडीला चालेल, पण त्याच्या आतला फोम धुळीने कडक झाला तर वेळेला तो उघडेल याची हमी कोण देणार?

मला पाण्यापेक्षा धुळीचं भय जास्त वाटतं, त्यावर इथे कोणी बोलत नाही. एप्रिल-मेमध्ये शेतरस्त्यावरची काळी माती पिठासारखी उडते. दिवाळीनंतर जिनिंगच्या रस्त्याला रोज जाणाऱ्या गाडीचा उघडा फिल्टर काढून बघा. घड्यांमध्ये कापसाचे तंतू, त्यावर तेलाने धरलेली माती, बोटाने ओढलं तर वाकळीसारखा थर निघतो. असा फिल्टर घाईत धुतला, ओला असतानाच तेल जास्त मारलं, की तेच तेल उडून आत जाणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या बारीक तारेवर बसतं. मग चेक लाइट, मग आयडलिंग डुगडुगतं, मग मालक म्हणतो पेट्रोलमध्ये भेसळ आहे. कंपनीच्या कागदी फिल्टरला हे लाड नाहीत. खराब झाला, बदलला.

धुळे_ते_शिरपूर
धुळीचा मुद्दा मान्य, फिल्टर धुवायची तयारी आहे. पाण्यावर तोडगा सोपा. जून लागला की जुना बॉक्स चढवायचा, दिवाळीला इंटेक परत.

वाघूरकाठी
आणि मेमधला वळीव? तो तुम्हाला विचारून येतो का?

नवापूरचा
मग मधला मार्ग घ्या. आखूड पाइप, फिल्टर बॉनेटखाली उंचावर. पाण्याची भानगडच नाही.

वाघूरकाठी
मग त्याला कोल्ड म्हणू नका. बाहेर ४४ अंश, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे आत जाणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. जळगावच्या सिग्नलला मे महिन्यात उभे राहाल तेव्हा कंपनीच्या बॉक्सपेक्षा कमी ताकद मिळेल, पैसे मात्र दुप्पट. फिल्टरभोवती बंद पेटी करून तिला पुढून हवा दिली तर गोष्ट वेगळी. पण मग तुम्ही कंपनीचाच एअरबॉक्स पुन्हा बनवलात!

मायलेजचंही ऐकून घ्या, कारण दुकानदार तेच सांगून विकतात. पेट्रोल गाडी आरामात चालवताना थ्रॉटलची झडपच अर्धवट मिटलेली असते, हवा ती अडवते. फिल्टर कितीही मोकळा केला तरी तिथे काय फरक पडणार?

पॉलिसीवाला
दोन गोष्टी कोरड्या आहेत पण वाचा. साध्या पॉलिसीत पाणी ओढून झालेलं इंजिनचं नुकसान सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. आणि ते घेतलं तरी न कळवलेला बदल सर्व्हेअरने पाहिला की क्लेम अडकायला आयतं निमित्त. दुसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे.

नवापूरचा
नाक्यावर बॉनेट उघडून एअर फिल्टर बघणारा माणूस अजून मला भेटलेला नाही.

पॉलिसीवाला
नाक्यावर नाही भेटणार. क्लेमच्या वेळी भेटेल.

जुना_फिटर
ज्यांनी आधीच बसवलाय त्यांच्यासाठी. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. ढकलून बाहेर काढा, फिल्टर काढून आत हात घालून बघा. पाइप ओला लागला तर स्पार्क प्लग काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. अर्धी इंजिनं पाण्याने जात नाहीत, 'अजून एकदा मारून बघू' म्हणणाऱ्या मागच्या सीटवरच्या मामांमुळे जातात.

धुळे_ते_शिरपूर
एवढं वाचूनही माझं मन पूर्ण फिरलेलं नाही, खरं सांगतो. मिलिमीटरचा मुद्दा सोडला, खाली पाइप नेत नाही. पण चार हजार आरपीएमला तो घुमणारा आवाज कुठून आणायचा? मन्ही गाडी से, थोडी हौस नको का?

जुना_फिटर
आवाजच हवा ना? मग बॉक्स जागेवर ठेव, त्यात बसणारा धुता येणारा चौकोनी फिल्टर टाक, आणि पाइपवरचा आवाज दाबणारा रेझोनेटरचा डबा काढून तोंड नीट बंद कर. थोडा घुमतो. पिकअप वाढली असं मात्र इथे येऊन लिहू नको.

धुळे_ते_शिरपूर
हे जमेल. पॉलिसीवाले साहेब, डबा काढणं हा कलम ५२ चा बदल धरायचा का?

पॉलिसीवाला
मला विचारलंत म्हणजे कळवलंत. आता कंपनीलाही कळवा.